पहिली गोळी देतानाच शेवटची गोळी ठरवा : वेदनाशामकांच्या सवयीविषयी रुग्णाशी कसे बोलावे

कोकणातील एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांना, समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना, परिचारिकांना आणि औषधनिर्मात्यांना पहिल्या महिन्यातच एक गोष्ट लक्षात येते : येथील माणसे ताप अंगावर काढतात, खोकला अंगावर काढतात, पण कंबर धरली की दवाखान्यात येतात, कारण कंबर धरली म्हणजे काम थांबते. लावणीच्या दिवसांत वाकून वाकून पाठ भरलेल्या बायका, चिरेखाणीत जांभा उचलणारे गडी, मार्च ते मे या हंगामात आंब्याच्या फांदीवरून पडलेली माणसे, ट्रॉलरवर जाळी ओढून खांदे गेलेले खलाशी आणि मुंबई-गोवा महामार्गावर दुचाकी घसरून हाडे मोडून घेतलेली तरुण मुले, या सर्वांना दुखणे आजच्या आज थांबायला हवे असते. ते थांबवणाऱ्या गोळ्यांपैकी काही गोळ्या शरीराला सवय लावतात, आणि ही गोष्ट रुग्णाला गोळी हातात पडण्याआधी क्वचितच कोणी सांगते. ती केव्हा सांगावी, कोणत्या शब्दांत सांगावी आणि सांगून झाल्यावर पुढे काय करावे, हे नव्या सहकाऱ्यांसाठी येथे क्रमाने लिहीत आहे.

पहिले काम : कपाटातील औषधे मनात वेगळी करणे

रुग्णाच्या दृष्टीने सगळ्या गोळ्या ‘दुखण्याच्या गोळ्या’ असतात. आपल्या दृष्टीने त्या तशा असता कामा नयेत. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक ही औषधे सवय लावत नाहीत. पॅरासिटामॉल सोडून बाकीची औषधे जठराला व मूत्रपिंडाला इजा करू शकतात, आणि पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस किंवा डेंग्यूची शंका असलेल्या रुग्णाला ती देणे धोक्याचे असते, पण तो वेगळा विषय आहे. ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन, मॉर्फिन, फेंटानिल, पेंटाझोसिन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे मात्र मेंदूत अफू जेथे काम करते त्याच जागी काम करतात. यांनाच ओपिऑइड म्हणतात, आणि सवयीचा प्रश्न प्रामुख्याने यांचा आहे.

यांतील ट्रॅमाडॉलकडे सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण आपल्याकडे तेच सर्वाधिक हाताळले जाते आणि ते बहुतेक वेळा एकटे येत नाही. ३७.५ मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल अशी एकत्रित गोळी सर्रास लिहिली जाते, आणि पाकिटावरील ओळखीचे नाव वाचून रुग्णच नव्हे तर कधी कधी आपले कर्मचारीही ती तापाच्या गोळीच्या मापाने मोजतात. त्यामुळे प्रत्येक पाकिटामागचा घटकांचा मजकूर वाचण्याची सवय लावून घ्यावी. ट्रॅमाडॉलसारख्या, अमली पदार्थविषयक कायद्याखाली येणाऱ्या औषधांच्या पाकिटावर डाव्या बाजूला वर लाल रंगात ‘एनआरएक्स’ (NRx) अशी अक्षरे छापलेली असतात. पुढे रुग्णाशी बोलताना ती उपयोगी पडतात.

तिसरा गट मदतनीस औषधांचा आहे. शिरांच्या दुखण्यासाठी दिले जाणारे प्रिगाबालिन, स्नायू सैल करणारे कॅरिसोप्रोडॉल आणि झोपेसाठी दिले जाणारे अल्प्राझोलॅम ही ओपिऑइड नव्हेत, परंतु त्यांचीही सवय लागते, आणि ओपिऑइडच्या जोडीने घेतल्यास गुंगी व श्वास मंदावण्याचा धोका वाढतो. टॅपेंटाडॉल व कॅरिसोप्रोडॉल यांच्या एकत्रित गोळ्या भारतातून पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी जात असल्याचे उघड झाल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय औषध नियामकाने त्यांच्या निर्मितीचे व निर्यातीचे परवाने मागे घेण्याचे निर्देश दिले, हे ध्यानात असावे.

सांगायचे का, याविषयी शंका राहू नये म्हणून

‘रुग्णाला सवयीचे सांगितले तर तो घाबरून औषध घेणार नाही’ हा युक्तिवाद तुम्हाला ज्येष्ठांकडून ऐकायला मिळेल. त्याचे उत्तर इतिहासात आहे. जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेतील एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात पोर्टर आणि जिक यांचे अवघ्या पाच वाक्यांचे पत्र छापून आले. रुग्णालयात किमान एकदा ओपिऑइड औषधे मिळालेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदींत व्यसन लागल्याची केवळ चार स्पष्ट उदाहरणे आढळली, एवढेच त्यात म्हटले होते. रुग्णालयाच्या देखरेखीत थोड्या मात्रा घेणे वेगळे आणि घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणे वेगळे, हा भेद पुढच्या काळात पुसला गेला. त्या पत्राचा हवाला सहाशेहून अधिक वेळा दिला गेला आणि त्यातील बहुतेकांनी तो ‘व्यसन लागत नाही’ याचा पुरावा म्हणून वापरला, असे २०१७ मधील एका विश्लेषणात दिसून आले. १९९६ मध्ये बाजारात आलेल्या, ऑक्सिकोडोन या ओपिऑइडच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या एका गोळीची जाहिरात याच समजुतीवर झाली, आणि तिच्या सवयीचा धोका कमी असल्याचे दिशाभूल करणारे दावे केल्याचा गुन्हा परड्यू फार्माच्या परड्यू फ्रेडरिक या संलग्न कंपनीने २००७ मध्ये न्यायालयात कबूल केला. तोपर्यंत असंख्य घरे उद्ध्वस्त झाली होती, आणि त्यांतील कित्येकांची सुरुवात डॉक्टरांनी सद्‌हेतूने लिहिलेल्या चिठ्ठीपासूनच झाली होती.

आपल्याकडेही हा विषय दूरचा राहिलेला नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात ओपिऑइड वापरतात. औषधी स्वरूपातील ओपिऑइडचा गैरवापर करणाऱ्यांचे लोकसंख्येतील प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आहे.

माझ्या स्वतःच्या कामातील एक चूक येथे सांगणे मला आवश्यक वाटते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मांडीचे हाड मोडून शहरातील एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झालेला एक तरुण माझ्याकडे पुढील उपचारांसाठी येत असे. त्याच्या कागदावर ट्रॅमाडॉलची एकत्रित गोळी लिहिलेली होती आणि मी ती तीन महिने तशीच पुढे लिहीत राहिले, कारण ती कागदावर होती. हाड जुळले, तो काठीशिवाय चालू लागला, तरी गोळी थांबली नाही. एके दिवशी त्याची पत्नी एकटीच आली आणि म्हणाली, की गोळी उशिरा मिळाली तर त्यांना घाम फुटतो, सारख्या जांभया येतात, रात्रभर पाय आपटतात, आणि आता ते दुसऱ्या तालुक्यातील मेडिकलमधून गोळ्या आणतात. तीन महिन्यांत आम्ही सहा वेळा भेटलो होतो. त्या सहा भेटींत मी त्याला ‘ही गोळी कधी थांबवायची’ हे एकदाही सांगितले नव्हते. औषध सुरू करताना ते बंद करण्याचा दिवस ठरवायचा आणि तो रुग्णाला तेव्हाच सांगायचा, हा नियम मी त्यानंतर कधी मोडलेला नाही, आणि या लेखातून एकच गोष्ट घ्यायची झाली तर नव्या सहकाऱ्यांनी तीच घ्यावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गोळी लिहिण्यापूर्वी विचारायचे

प्रथम पिशवी रिकामी करायला सांगावी. कोकणातील घरांत औषधे अनेक वाटांनी येतात. गणपतीला किंवा शिमग्याला आलेला चाकरमानी मुलगा आईसाठी मुंबईहून पाकिटे आणतो, शेजारीण ‘मला हिने गुण आला’ म्हणून चार गोळ्या देते, आणि जुन्या शस्त्रक्रियेच्या उरलेल्या गोळ्या फडताळात असतात. घरी असलेली सर्व औषधे पुढच्या वेळी घेऊन या असे सांगितल्यास जे समोर येते, ते नुसत्या प्रश्नांतून कळत नाही.

त्यानंतर पुढील गोष्टी शांतपणे आणि शक्यतो एकांतात विचाराव्यात : दारू किंवा माडी किती व केव्हा घेतली जाते, तंबाखू, मिश्री, गुटखा यांची सवय आहे का, घरात कोणाला व्यसनाचा त्रास झाला आहे का, झोपेच्या किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू आहेत का, फिट येण्याचा आजार आहे का, दमा किंवा झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे का. हे विचारताना ‘सर्वांनाच विचारतो, कारण त्यावरून गोळी ठरते’ असे आधी सांगितले, की माणसे मोकळेपणाने बोलतात. सासू बरोबर असताना सून आणि मुलगा बरोबर असताना बाप खरे सांगत नाही, म्हणून रक्तदाब मोजण्याच्या निमित्ताने रुग्णाला दोन मिनिटे आत घ्यावे.

उत्तरांवरून काय ठरवायचे, तेही स्पष्ट असावे. ट्रॅमाडॉलने फिट येऊ शकते, आणि नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबर दिल्यास हा धोका वाढतो, शिवाय अंग थरथरणे, ताप व गोंधळलेपण अशी गंभीर अवस्था उद्भवू शकते. रोज दारू घेणाऱ्या माणसाला हे औषध देणे टाळावेच. बारा वर्षांखालील मुलांना ट्रॅमाडॉल आणि कोडीन देऊ नये, आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही देऊ नये. होडीवर जाणाऱ्या माणसाच्या बाबतीत मी अधिकच कठोर आहे, कारण भर समुद्रात आलेली गुंगी किंवा फिट म्हणजे प्राणाशी गाठ असते, आणि आठ-दहा दिवसांच्या फेरीसाठी म्हणून ‘जरा जास्त गोळ्या’ मागितल्या जातात तेव्हा सवयीची पहिली पायरी तेथेच चढली जाते. अशा खलाशाला शेक, व्यायाम, साधी वेदनाशामके आणि थोड्या दिवसांची विश्रांती यांवर भागवता येते का हे आधी पाहावे. जुनाट कंबरदुखी व गुडघेदुखी यांत तर ओपिऑइड गोळ्यांचा दीर्घकालीन लाभ फारसा दिसत नाही आणि धोका मात्र वाढत जातो, त्यामुळे तेथे त्या सुरू न करणे हेच बहुतेक वेळा योग्य असते.

सांगायचे शब्द

नवीन सहकारी येथेच अडखळतात. पुस्तकी वाक्ये पाठ असतात, पण समोरच्या माणसापर्यंत ती पोहोचत नाहीत. ‘व्यसन’ हा शब्द आपल्याकडे दारूड्याशी जोडलेला आहे. तो पहिल्याच वाक्यात वापरला तर ‘मी काय तसला माणूस वाटलो काय?’ अशी प्रतिक्रिया येते आणि पुढचे काही ऐकले जात नाही. म्हणून शरीराला लागणाऱ्या सवयीपासून सुरुवात करावी आणि ‘व्यसन’ हा शब्द नंतर, पण न चुकता उच्चारावा, कारण तो टाळला तर रुग्णाला धोक्याचे खरे वजन कळत नाही.

मी साधारणपणे असे सांगते : “काका, ही गोळी नेहमीच्या दुखण्याच्या गोळीसारखी नाही. ही अफूसारखे काम करते. पाच दिवस घेतलीत तर हाडाचे दुखणे सोसता येईल. जास्त दिवस घेतलीत तर शरीर तिची सवय लावून घेते, मग पूर्वी एका गोळीने भागत होते तेथे दोन लागतात, आणि दुखणे बरे झाले तरी शरीर गोळी मागत राहते. हे चांगल्या माणसालाही होते, यात तुमच्या स्वभावाचा काही दोष नसतो. पण वेळेवर थांबलो नाही तर पुढे त्याचे व्यसन होते. म्हणून मी दहाच गोळ्या देते आहे, सकाळी एक आणि रात्री एक. शनिवारी संपतील. त्यानंतर साध्या गोळीवर यायचे. शनिवारी दुखणे फार असले तर माझ्याकडे यायचे, मेडिकलमधून परस्पर आणायची नाही.”

या बोलण्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या आपल्या स्वतःच्या मनात नीट वेगळ्या असल्या पाहिजेत. औषधाचा गुण कमी कमी येत जाणे आणि मात्रा वाढवावी लागणे ही एक गोष्ट. औषध अचानक थांबल्यावर अंगाला त्रास होणे, म्हणजे शारीरिक अवलंबित्व, ही दुसरी. ती काही आठवडे नियमित औषध घेणाऱ्या कोणालाही होऊ शकते. दुखण्याचा संबंध सुटून गोळीसाठीच गोळी घेतली जाणे, तोटा दिसत असूनही थांबता न येणे, तिच्यासाठी खोटे बोलावे लागणे, ही तिसरी, आणि तिलाच व्यसन म्हणतात. दुसरी अवस्था दिसताच रुग्णाला व्यसनी ठरवणे हा अन्याय आहे. तिसरी अवस्था दिसत असताना ‘नुसती सवय आहे’ म्हणणे हा निष्काळजीपणा आहे.

सिंधुदुर्गात काम करणाऱ्यांना “डॉक्टरांनू, माका हीच गोळी होयी” हे वाक्य नेहमी ऐकू येईल. त्यावर रागावू नये. गुण आला म्हणून माणूस तीच गोळी मागतो, यात लबाडी असतेच असे नाही. अशा वेळी पाकीट हातात घेऊन लाल अक्षरे बोटाने दाखवावीत आणि सरकारने या गोळीवर ही खूण का छापायला लावली आहे ते सांगावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही लाल खूण ओळखता येते, आणि पुढे घरातील दुसऱ्या कोणाच्या पाकिटावर ती दिसली की ते आपणहून विचारायला येतात.

सांगून झाल्यावर ‘समजले ना?’ असे विचारू नये, कारण त्याला उत्तर नेहमी ‘हो’ असते. त्याऐवजी ‘घरी गेल्यावर वहिनींना या गोळीचे काय सांगाल?’ असे विचारावे. रुग्ण स्वतःच्या शब्दांत सांगू लागला की काय राहून गेले ते कळते. शक्य असल्यास घरातील एका माणसाला त्याच वेळी आत बोलवावे. गोळी घेऊन दुचाकी चालवू नये, होडीवर किंवा माडावर चढू नये, दारू घेऊ नये, गोळी दुसऱ्याला देऊ नये आणि लहान मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये, हे त्या माणसाच्या देखत सांगितलेले अधिक पाळले जाते. माणूस हाका मारूनही उठत नाही, श्वास अगदी मंद चालला आहे आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत असे दिसले, तर त्याला कुशीवर वळवून ताबडतोब १०८ ला फोन करावा, हेही त्या नातेवाइकाला सांगून ठेवावे.

चिठ्ठी आणि नोंद

येथे फार विचार करण्यासारखे काही नाही, पण शिस्त हवी. ट्रॅमाडॉल एप्रिल २०१८ पासून अमली पदार्थविषयक कायद्याखाली आलेले आहे, आणि ते औषध नियमांतील एच-१ या अनुसूचीतही आहे. म्हणजे औषध विक्रेत्याने डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या यांची वेगळ्या वहीत नोंद करून ती वही तीन वर्षे जपून ठेवली पाहिजे. त्यामुळे केसपेपरवर गोळ्यांची संख्या अंकांत आणि अक्षरांत लिहावी, बंद करण्याची तारीख लिहावी, आणि ‘सवयीबाबत माहिती दिली, पत्नी उपस्थित’ अशी एक ओळ स्वतःच्या हाताने लिहावी. ही ओळ पुढच्या डॉक्टरला उपयोगी पडते, कारण त्याला कळते की बोलणे कोठवर आले आहे.

समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी ही औषधे स्वतःहून सुरू करू नयेत. दूरध्वनीवरून किंवा ई-संजीवनीसारख्या माध्यमातून दिल्या जाणाऱ्या सल्ल्यातही ती लिहिता येत नाहीत, कारण २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी या कायद्याखालील औषधांना मनाई केलेली आहे. दुर्गम वाडीतील रुग्णाला हे गैरसोयीचे वाटते, म्हणून ‘तुम्हाला टाळत नाही, या गोळीसाठी प्रत्यक्ष तपासावेच लागते’ असे समजावून सांगावे. गावातील औषध दुकानदारांशी एकदा समक्ष जाऊन बोलावे, असा माझा आग्रह आहे. जुनी चिठ्ठी दाखवून वारंवार गोळी मागणारा माणूस त्यांना आपल्याआधी दिसतो.

दुसरी भेट

पाचव्या ते सातव्या दिवशी भेट ठरवावी आणि ती पाळली जाते का हे आशाताईंच्या मदतीने पाहावे. ही भेट इतक्या लवकर का, याचे कारण आकड्यांत आहे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिल्यांदाच ओपिऑइड दिलेल्या रुग्णांपैकी किमान एका दिवसाची मात्रा मिळालेल्यांत ६ टक्के लोक वर्षानंतरही ते घेत होते. सुरुवातीलाच आठ दिवस किंवा अधिक औषध मिळालेल्यांत हे प्रमाण १३.५ टक्के, तर ३१ दिवस किंवा अधिक मिळालेल्यांत २९.९ टक्के होते. त्यांतील काहींचे दुखणेच लांबलेले असणार हे मान्य करूनही, पहिल्या पाकिटाची लांबी किती महत्त्वाची आहे हे यावरून कळते.

या भेटीत ‘दुखणे किती आहे’ एवढेच विचारून थांबू नये. विहिरीचे पाणी काढता येते का, पायऱ्या चढता येतात का, रात्री झोप लागते का, असे कामाचे विचारावे. दुखणे तेवढेच आणि काम मात्र वाढलेले असेल तर औषधाचे काम झाले आहे. गोळ्या वेळेआधी संपणे, पाकीट हरवल्याचे वारंवार सांगणे, दुखणे नसतानाही ‘अंगात जोर येतो’ किंवा ‘मन शांत होते’ म्हणून गोळी घेणे, दुसऱ्या गावच्या मेडिकलचा उल्लेख होणे, या गोष्टी ऐकल्या की थांबून बोलावे. चौकशीचा सूर न लावता ‘मागच्या वेळी आपण बोललो होतो, तसे काही होते आहे का?’ असे विचारता येते. पहिल्या भेटीत बोलणे झालेले असेल तरच हा प्रश्न सहज विचारता येतो.

सवय लागलेली दिसली तर

गोळी एकदम बंद करू नये. शेवटच्या मात्रेनंतर साधारण १२ ते २४ तासांत जांभया, नाक-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात कळ, जुलाब, हातपाय दुखणे, घाबरल्यासारखे होणे आणि झोप न लागणे असा त्रास सुरू होतो, आणि ट्रॅमाडॉलच्या बाबतीत काहींना भास किंवा तीव्र भीतीही वाटते. रुग्ण याचा अर्थ ‘मूळ दुखणे परत आले’ असा लावतो आणि पुन्हा गोळीकडे वळतो. मासेमारी बंदी १ जूनला सुरू होऊन खलाशी घरी येतात तेव्हा हा त्रास पावसाळी तापासारखा भासू शकतो. त्याच्या उलट चूक अधिक घातक आहे : खरोखर ताप असेल तर आधी लेप्टोस्पायरोसिस, मलेरिया, डेंग्यू यांच्या तपासण्या कराव्यात आणि मगच सवयीचा विचार करावा.

मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी. काही आठवड्यांपासून घेणाऱ्याला दर आठवड्याला सुमारे दहा टक्के, तर वर्षभर किंवा अधिक काळ घेणाऱ्याला दर महिन्याला सुमारे दहा टक्के असा वेग बहुतेकांना झेपतो. मधे त्रास वाढला तर त्याच पायरीवर थांबावे, पण शक्यतो मागे जाऊ नये. हे उतरवणे तज्ज्ञाच्या सल्ल्याने करावे. गर्भवती स्त्री, फिट येणारा रुग्ण, दारूही घेणारा रुग्ण आणि टोचून घेणारा रुग्ण यांना स्वतःकडे न ठेवता पाठवावे.

कोठे पाठवायचे, हे आधीच माहीत असावे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय हे राज्यातील अशा चार सरकारी रुग्णालयांपैकी एक आहे, पण त्याचे नाव काढताच घरची माणसे मागे सरतात, म्हणून पहिली भेट जिल्हा रुग्णालयात ठरवावी आणि पुढचे तेथील डॉक्टरांवर सोपवावे. पुण्याच्या मुक्तांगणात १९८६ पासून व्यसनमुक्तीचे काम चालते, आणि घरापासून दूर राहून उपचार घेऊ इच्छिणाऱ्यांना तेथे जाता येते. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मदतवाहिनी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस सेवा १४४१६ या दोन्ही क्रमांकांवर मोफत बोलता येते. ते केसपेपरच्या मागे लिहून द्यावेत. चिठ्ठी देऊन ‘तिकडे जा’ म्हटले की माणूस एसटी स्टँडपर्यंतही जात नाही, असा माझा अनुभव आहे. तारीख ठरवून, तेथे फोन करून, बरोबर कोण जाणार हे विचारून पाठवलेला माणूस पोहोचतो.

कॅन्सरच्या रुग्णाशी वेगळे बोलावे

वर जे सर्व लिहिले आहे ते कॅन्सरच्या किंवा शेवटच्या आजारातील रुग्णाला जसेच्या तसे लावणे क्रूरपणाचे ठरेल. तोंडाच्या कॅन्सरचे आपल्या भागातील कितीतरी रुग्ण परळच्या टाटा रुग्णालयातून उपचार घेऊन गावी परततात, आणि मॉर्फिनची गोळी घरात आलेली पाहून मुले म्हणतात, ‘याची सवय लागेल, शक्यतो देऊ नका.’ आजोबा कळ दाबून पडवीत पडून राहतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच कॅन्सरच्या वेदनेसाठी पायऱ्यापायऱ्यांनी औषधे वाढवण्याची पद्धत सांगितली आणि तीव्र वेदनेच्या पायरीवर मॉर्फिन ठेवले. आपल्या अमली पदार्थविषयक कायद्यातही २०१४ च्या दुरुस्तीने अशा अत्यावश्यक औषधांची उपलब्धता सोपी करण्याचा प्रयत्न झाला आहे.

या घरात सांगायचे ते असे : येथे गोळी दुखणे सुरू होण्याची वाट पाहून द्यायची नसते, घड्याळाप्रमाणे द्यायची असते. शरीराला सवय लागेल, म्हणून एकदम बंद करायची नाही, पण त्याला व्यसन म्हणत नाहीत. पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचे औषध बरोबर द्यायचे, कारण बद्धकोष्ठता हटकून होते. गोळ्या कुलपात ठेवायच्या आणि किती उरल्या हे घरातील एकाच माणसाने वहीत लिहायचे, कारण त्याच घरात दुसऱ्या कोणाला कंबरदुखी असते. रुग्ण गेल्यानंतर त्या गोळ्या कोणाच्याच लक्षात राहत नाहीत, म्हणून दिवसकार्य आटोपल्यावर आशाताईंनी त्या घरी जाऊन वहीतील आकड्याशी जुळवून उरलेली पाकिटे मागून घ्यावीत आणि ती जेथून आली होती त्या रुग्णालयाकडे परत पाठवावीत.